साकीनाका ते मुलुंड, व्हाया चोक

मामांची प्रीमियर पद्मिनी लिटरला 8 किलोमीटरवर आली, तेव्हा घरजावयाच्या जेवणाविषयी बोलावं तसं घरात तिच्याविषयी दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं. शेवटी तिला खैराणी रोडच्या गॅरेजला न्यायचं ठरलं. साकीनाक्यापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. फक्त हाक मारणाऱ्याला घाई नसावी. डोक्यावरून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुसाट गेली. 2014 मध्ये ती सुरू झाली तेव्हा खालची गर्दी वर जाईल, असा मामांचा होरा होता. वर दुसरीच गर्दी गेली. आम्हाला एका हातगाडीवाल्याने ओव्हरटेक केलं आणि जाता जाता "काका, साईड द्या ना" असंही सुनावलं.

मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता विचारलं, "ॲव्हरेज कुठं काढलंत?"

"इथंच. घर ते नाका."

"मग ते गाडीचं नाही, नाक्याचं ॲव्हरेज."

उभी गाडी पेट्रोल जाळते, किलोमीटर मात्र देत नाही, हे त्यांनी मामांना शांतपणे समजावलं. तरी प्लग काढले. चारही काजळीने काळे. चोकची केबल अडकलेली. बटण आत ढकललं तरी कार्बोरेटरमधली झडप अर्धी मिटलेलीच. थंड इंजिनाचा सकाळचा डोस बाई दिवसभर पीत होत्या. मग जॅक लावला. मागचं डावं चाक हाताने फिरेना. ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले, म्हणजे गाडी ब्रेक लावूनच धावत होती.

"तरीच उताराला किती शहाण्यासारखी वागते!" मामा कौतुकाने म्हणाले.

कामाला दुपार गेली. तेवढ्यात मामांनी गॅरेजमधल्या पोरांना सांगून टाकलं, की हिचं माहेर जवळच, कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना. आता तिथे टॉवर उभे आहेत. पोरांनी टॉवरमधल्या फ्लॅटचा भाव विचारला.

चाचणीसाठी टाकी काठोकाठ भरली. साकी विहार रोडने पवई, तिथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग पूर्व द्रुतगती मार्ग. मुलुंडपर्यंत पद्मिनी चक्क चौथ्या गिअरमध्ये गेली. गिअर कुठे पडतो हे मामांना आठवायला भांडुप यावं लागलं. परत येऊन त्याच पंपावर टाकी भरली, भागाकार केला: साडेतेरा!

पंपावरच्या पोराला तो आकडा ऐकवून मामा शाबासकीची वाट पाहू लागले. त्याने टायरकडे पाहिलं. "काका, पुढे हवा फार कमी आहे."

मामांचे डोळे चमकले. "म्हणजे अजून वाढेल! बस गाडीत, परत मुलुंड!"