तोच गेम, नवा कोरा

१९९८ साली 'बाल्डर्स गेट' हा संगणकावरचा गेम पाच सीडींवर आला. नकाशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालं की संगणक फर्मावायचा, आता अमुक सीडी घाला. ती सीडी नेमकी तेव्हाच सापडायची नाही. २०१२च्या नोव्हेंबरात त्याची 'एन्हान्स्ड एडिशन' आली. किंमत तेव्हा वीस डॉलरला एक सेंट कमी होती. घरात चर्चेला तोंड फुटलं.

"म्हणजे तोच गेम?" बायकोने विचारलं.

"तोच. पण सुधारलेला."

"मग इतकी वर्षं बिघडलेला खेळत होतास?"

उत्तर टाळून मी सुधारणांची यादी वाचून दाखवली. रुंद पडदा, झूम, गेमच्या दुसऱ्या भागातले योद्ध्या-मांत्रिकांचे पोटप्रकार आणि तीन नवे साथीदार. त्यातली नीरा एक मंत्र म्हणते आणि अधूनमधून घडतं भलतंच, अगदी आमच्या सोसायटीतल्या ठरावांसारखं.

झूमची गंमत निराळी. मूळ चित्रांच्या फायली नवी आवृत्ती काढणाऱ्या मंडळींना मिळाल्याच नाहीत, म्हणून पार्श्वभूमी जुनीच. लांबून धूसर दिसणारं झाड आता जवळूनही धूसर दिसतं.

नियमही तेच, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेले. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम. हे ज्याला पटलं, त्याला आयुष्यात काहीही पटतं. नवशिक्या मांत्रिकाकडे जेमतेम चार-सहा हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव असतो. लांडग्याचं एका घासात भागतं. त्यातून वाचलात तर फ्रेंडली आर्म सरायच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा मांत्रिक उभा असतो. आधी विचारपूस करतो, मग जिवावर उठतो. नव्या आवृत्तीत तो मोठ्या पडद्यावर दिसतो, एवढाच फरक.

बरं, रुंद पडदा आणि दुसऱ्या भागाचं इंजिन या गोष्टी हौशी मंडळींनी मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या जोडफायली, काढून आधीच फुकट दिल्या होत्या. फक्त हे मॉड ठरलेल्या क्रमाने बसवावे लागतात. क्रम चुकला की सगळं काढा आणि पुन्हा श्रीगणेशा. यात एक रविवार सहज जातो आणि खेळायचं राहूनच जातं.

तेव्हा माझा निकाल असा: गेम पहिल्यांदाच खेळणार असाल तर नवी आवृत्ती डोळे मिटून घ्या. जुन्या सीडी आणि रिकामा रविवार, दोन्ही असतील तर पैसे वाचवा. नुसत्या सीडी असतील तर सेल लागेपर्यंत थांबा. आणि कुठलीही आवृत्ती खेळा, सरायच्या पायऱ्या चढण्याआधी गेम सेव्ह करा.