बॅगा सीएसएमटीवरच घ्या

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी झालं. बॅलार्ड पिअरवर, 556 कोटी रुपये खर्चून. एका वेळी पाच जहाजं लागतील, वर्षाला दहा लाख प्रवासी ये-जा करतील, चेक-इन आणि इमिग्रेशनचे 72 काउंटर, तीनशेहून जास्त वाहनांचं पार्किंग. आकडे दणदणीत आहेत. त्यातला पार्किंगचा आकडा मला खुपतो. प्रवासी मोटारीतून उतरेल, डिकीतून बॅग काढेल आणि आत जाईल, हे चित्र दक्षिण मुंबईपासून फार तर पुण्यापर्यंत चालतं. गोंदियाचा माणूस मोटारीने येत नाही. तो विदर्भ एक्स्प्रेसने येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं सामान येतं.

त्या सामानाचं काय करायचं, हा या आठवड्याचा प्रश्न.

गोंदिया ते मुंबई रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरहून जास्त. विदर्भ एक्स्प्रेस दुपारी तीनच्या सुमारास गोंदियातूनच सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आसपास सीएसएमटीला लागते. गाडी आपल्याच स्टेशनातून निघते, ही गोंदियाकरांची मोठी सोय. बॅगा बाकाखाली सरकवून साखळी-कुलूप लावायला निवांत वेळ मिळतो. नागपूरला चढणाऱ्यांच्या नशिबी हे नाही. म्हणजे पहिले साडेनऊशे किलोमीटर बिनघोर जातात. सगळा घोळ शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आहे.

सीएसएमटी ते बॅलार्ड पिअर हे अंतर दोन किलोमीटरच्या आतलं. हातात नुसती पिशवी असेल तर माणूस गप्पा मारत चालत जाईल. पण उतरतो सकाळी सातला, आणि क्रूझचं चेक-इन सुरू होतं साधारण दुपारी. जहाज संध्याकाळी सुटतं. मधले पाच-सहा तास एक कुटुंब आपल्या बॅगांची राखण करत मुंबईत अडकून पडतं. सोबत गुडघे धरलेली आजी, झोपेतून उठवलेलं पोर, आणि मुंबईच्या नातेवाइकांसाठी घरच्या धानाच्या तांदळाची थैली. हॉटेलात खोली घ्यावी तर अर्ध्या दिवसासाठी अख्ख्या दिवसाचं भाडं. वेटिंग रूममध्ये बसावं तर एकाने सतत सामानापाशी थांबायचं. गोंदियाहून आलेल्या मुलांना जवळचं गेट वे ऑफ इंडिया दाखवायचं राहून जातं, कारण बॅगांना पाय नाहीत.

स्टेशनात क्लोकरूम असते, हे खरं. रेल्वेचा नियम सांगतो की सामानाला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवायला हवं. तांदळाच्या थैलीला कुलूप कुठे लावायचं? म्हणून पहिला सल्ला: एक रिकामी, कुलूप लागणारी बॅग घ्या आणि सुट्या पिशव्या तिच्यात कोंबा. क्लोकरूमची पावती आणि रेल्वेचं तिकीट एकत्र ठेवा. दुसरा सल्ला: सीएसएमटीच्या मुख्य दारातून, लोकलच्या गर्दीतून बाहेर पडू नका. अठरा नंबर फलाटाच्या बाजूने पी. डिमेलो रस्त्याकडे निघा. बॅलार्ड इस्टेट त्याच अंगाला आहे. टॅक्सीचं मीटर 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आहे. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला मान हलवेल. भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला शांतपणे सांगा आणि बॅग डिकीत ठेवा.

पण हे सगळे उपाय प्रवाशाने करायचे. बंदराने काय करायचं?

याचं उत्तर मुंबईला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. तेव्हा हे दोन किलोमीटर नव्हतेच. गाडी थेट धक्क्यावर जायची. बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन जहाजाला लागून होतं. 1912 साली सुरू झालेली पंजाब मेल सुरुवातीला तिथूनच पेशावरच्या वाटेला लागायची. 1928 साली सुरू झालेल्या फ्रंटियर मेलचंही तिथे येणं-जाणं होतं. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरायचा, चार पावलांवर उभ्या असलेल्या डब्यात चढायचा, आणि त्याच्या ट्रंका हमालांच्या डोक्यावरून त्याच्यामागे यायच्या. बोटीच्या कंपन्यांची लेबलंही ठरलेली होती: ही पेटी खोलीत हवी, ही प्रवासात लागणार नाही म्हणून तळघरात टाका. रेल्वे, बंदर आणि बोट कंपनी, तिघांनी मिळून एका ट्रंकेचा विचार केलेला होता. साहेबाची ट्रंक होती म्हणून केला, हे विसरायचं कारण नाही. त्याच काळात कोकणातला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर वळकटी खांद्याला मारून आणि पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आगबोट पकडत होता, आणि गावच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसेल तर भर समुद्रात तीच पेटी पडावात उतरवत होता. त्याच्यासाठी कुठलीही गाडी धक्क्यापर्यंत आली नाही.

आणखी एक जुनी व्यवस्था आठवायला हवी, कारण ती आपल्यासारख्या आतल्या मुलखातल्या माणसांसाठी होती. 1995 पर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. ‘अकबरी’ हे त्या वाटेवरचं शेवटचं जहाज. देशाच्या आतल्या जिल्ह्यांतून म्हातारी माणसं रेल्वेने मुंबईत उतरायची. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी, हाताशी डबे, भांडी, बिछाने. त्यांना उतरायला सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता. जहाज लागेपर्यंत पाठ टेकायला जागा आणि सामान ठेवायला कोपरा. बंदराला जाणारा माणूस रेल्वेने येतो, थकून येतो, आधी येतो आणि त्याच्याकडे ओझं असतं, एवढी साधी गोष्ट दानधर्म करणाऱ्यांच्या लक्षात आली होती. आज कोट्यवधी रुपये खर्चून टर्मिनल बांधणाऱ्यांच्याही ती लक्षात यावी, एवढीच माझी मागणी आहे. ती फार नाही.

मागणी नेमकी सांगतो. जहाज सुटायच्या दिवशी सीएसएमटीवर सामान घेण्याचा एक काउंटर उघडा. प्रवाशाने बोर्डिंग पास आणि ओळखपत्र दाखवावं, बॅगेला खोलीच्या नंबरची चिठ्ठी लागावी, पावती मिळावी, आणि बॅग पुन्हा दिसावी ती थेट जहाजातल्या खोलीच्या दारात. जहाजावर पुढचं काम असंच चालतं. टर्मिनलवर बॅगेला चिठ्ठी लावून ती घेतात, एक्स-रेतून काढतात आणि खोलीपाशी पोचवतात. ही साखळी दोन किलोमीटर अलीकडून सुरू करा, एवढंच सांगणं आहे.

सुरक्षेचं काय, असं कुणीतरी लगेच विचारेल. गोदीच्या दारावर सीआयएसएफचा पहारा असतो, तो असलाच पाहिजे. पण दिल्लीकडे बघा. 2011 साली सुरू झालेल्या विमानतळ मेट्रोच्या नवी दिल्ली स्थानकात एअर इंडियाच्या प्रवाशाला बॅग देऊन मोकळं होता येतं. ती बॅग सामानाच्या वाटेने विमानात जाते आणि प्रवासी रिकाम्या हाताने मेट्रोत बसतो. विमानाची सुरक्षा जहाजापेक्षा कडक असते. तिथे जमतं ते इथे जमणार नाही, असं सांगणाऱ्याने कारण द्यावं. सीलबंद टेम्पो आणि टर्मिनलवर पुन्हा एकदा एक्स-रे, एवढ्यात हा प्रश्न मिटतो.

आणि या काउंटरवर माणसं कोण हवीत? स्टेशनातले हमालच हवेत. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांचं नाव ‘सहायक’ झालं. नाव बदलून पोट भरत नाही. चाकाच्या बॅगा आल्या, सरकते जिने आले, आणि लाल सदऱ्यातल्या त्या माणसाचं काम दर वर्षी कमी होत गेलं. बॅग उचलायची, ओळखायची, योग्य जागी पोचवायची, ही विद्या त्यांच्याकडे आहे. त्यांना जहाजाच्या दिवशी ठरलेली मजुरी द्या. तोवर प्रवाशाने हमालाशी आधी दर बोलावा, बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवावा आणि त्याच्या पाठीवर वजनाचा डोंगर रचू नये.

आता थोडं आपल्या माणसांना. रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्रीला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, एसी टूला 50, एसी फर्स्टला 70. ही परवानगी आहे, सक्ती नाही. जहाजावरची साधी खोली लहान असते. दोन रात्रींच्या गोवा फेरीला माणशी एक मधली बॅग पुष्कळ झाली. रोज नवी साडी, तिच्यावर नवं पाऊच, फोटोसाठी तिसरी जोडी चपला: हे सगळं वर चढवायचं कुणी, याचा विचार गोंदियात पेटी भरतानाच करा. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली जहाजावर चालत नाही. आगीची भीती असते आणि भर समुद्रात पळून जायला जागा नसते. अडकित्ता, सुरी यांसारख्या धारदार वस्तू एक्स-रेत दिसल्या की बाजूला काढतात. खर्ऱ्याच्या पुड्या घरीच सोडा. लोकांच्या डेकवर थुंकून गोंदियाचं नाव काढू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, हातातल्या पिशवीचं. टर्मिनलवर दिलेली मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते, कधी जहाज सुटल्यानंतर ती येते. तोवर रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, चष्मा, ओळखपत्र, फोनचा चार्जर आणि लेकराचा एक कपडे-जोड तुमच्या हातात हवा. आजीची औषधं मोठ्या बॅगेत घालणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. उतरण्याच्या आदल्या रात्रीही असाच एक घोळ होतो. बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या बॅगेत सकाळचे कपडे आणि चपला गेल्या की माणूस पायजम्यात मुंबईत उतरतो. आधी उद्याचे कपडे बाजूला काढा, मग चेन ओढा.

गाडी उशिरा आली तर? जहाज थांबत नाही. ते सुटण्याच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं. सकाळी सातची गाडी दुपारी बाराला आली तरी निभावतं, पण त्या भरवशावर पैसे लावू नका. ज्यांना परवडतं त्यांनी एक दिवस आधी मुंबई गाठावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच तर हे सदर लिहितो आहे. धान विकून, भिशी लावून, तीन घरांनी पैसे एकत्र करून निघालेल्या माणसांची सुट्टी फलाटावर सामान राखण्यात जाऊ नये.

परतीचाही हाच हिशेब. जहाज सकाळी लागतं आणि विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. पुन्हा अख्खा दिवस, पुन्हा त्याच बॅगा, आता त्यात गोव्याचे काजू वाढलेले. म्हणून काउंटर दोन्ही दिशांनी चालला पाहिजे: जहाजातून उतरलेली बॅग सीएसएमटीवर, संध्याकाळी गाडीच्या वेळेला ताब्यात.

गोंदियातल्या पर्यटन एजंटांनाही एक सांगायचं आहे. नकाशावर सरळ रेघ ओढा. गोंदियाला मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा समुद्र जवळ आहे. आपली वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी पूर्वेच्याच समुद्राला जातं. विशाखापट्टणमला 2023 साली क्रूझ टर्मिनल झालं, आणि तिकडची समता एक्स्प्रेस गोंदियावरून जाते. नवेगाव बांधात डोंग्यातून फिरलेल्या पोरांना पहिला समुद्र पूर्वेचा दाखवा, काही बिघडत नाही. तिकडची जहाजं मोजकी असतात, तारखा आधी विचारून घ्या आणि गिऱ्हाइकाला दोन्ही वाटा सांगा. मुंबईचंच तिकीट विकणं सोपं पडतं, म्हणून गोंदियाच्या म्हाताऱ्यांना उलट्या दिशेला पाठवणं बरोबर नाही.

मुंबईचं काम मात्र मुंबईनेच करायचं आहे. मुंबई बंदर प्राधिकरण, मध्य रेल्वे आणि जहाज कंपन्या यांनी एका टेबलाशी बसावं. आपल्या खासदारांनी त्यांना बसवावं. या हंगामात प्रयोग म्हणून करा: जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी एक, पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला, एक वजनकाटा, पावतीपुस्तक, चार सहायक आणि एक सीलबंद टेम्पो. काउंटरवरची पाटी मराठीत असावी, आणि गाडीला उशीर झाला तर टेम्पोने तिची वाट बघावी.