सुताराचा अज्ञातवास

आफ्रिकेतल्या सुतार पतंगांच्या काही जातींची जगातली सगळी ओळख एका टाचणीवर टोचलेली असते. कुण्या संशोधकाच्या दिव्यावर एखादा नर येऊन आपटतो, संग्रहालयाच्या खणात जाऊन बसतो, त्याला भारदस्त लॅटिन नाव मिळतं, आणि पुढे दुसरा कुणी फिरकत नाही म्हणून त्याच्यावर ‘दुर्मीळ’ असा शेरा पडतो. माझं म्हणणं इतकंच, की हा शेरा निम्मा तरी शोधणाऱ्यांच्या नावे पडायला हवा. या प्राण्याची राहणीच पाहा ना. कॉसिडी, म्हणजे या सुतार पतंगांच्या, कुळातली अळी एकदा खोडात शिरली, की महिनोन्‌महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, लाकूड पोखरत आतच मुक्काम ठोकते. लाकडात सत्त्व ते किती, त्यामुळे बाळसं धरायला वेळ लागतो. शेवटी पतंग बाहेर येतो तो खुरटलेली सोंड घेऊन. जे काय जेवायचं ते बालपणीच जेवून झालेलं. उरलेल्या थोड्या रात्रींत लग्न उरकायचं, अंडी घालायची आणि जगाचा निरोप घ्यायचा. त्यात अंगावर वाळक्या सालीचा रंग. अशाची मोजदाद दिव्याखाली बसून करणं म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून गावाची जनगणना करणं.

दक्षिण आफ्रिकेतला कोरिफोडेमा ट्रिस्टिस बघा. लंडनच्या ड्रू ड्रुरी नावाच्या चांदीकाम करणाऱ्या गृहस्थाने 1782 मध्ये त्याचं बारसं केलं. द्राक्ष-सफरचंदवाले त्याला शिव्या घालत होते, बाकी कुणाला सोयरसुतक नव्हतं. 2004 मध्ये म्पुमलांगा प्रांतातल्या नीलगिरीच्या लागवडीत तो सापडला आणि लाकडाच्या पैशाला भोक पडलं. मग मात्र विद्वान धावले, मादीचा गंध प्रयोगशाळेत तयार झाला, सापळे लागले आणि नवरदेव रांगेने हजर! यावर कुणी म्हणेल, ही तर चार झाडांवर ताव मारणारी कीड. केनिया-टांझानियाच्या किनारी जंगलांच्या तुकड्यांत अडकलेल्या जातींना हा न्याय कसा लावायचा? आक्षेप रास्त आहे. जंगल तुटलं तर तिथली जात खरोखरच मूठभर उरेल. पण मूठभर उरली की मुळीच उरली नाही, हे तरी खोडात डोकावल्याशिवाय कसं कळणार? ‘सावधगिरी म्हणून दुर्मीळ म्हटलं, तर बिघडलं कुठे?’ असंही विचारतात. बिघडतं ते असं, की राखायचं असतं झाड, आणि यांतल्या कित्येक जातींची अळी कुठल्या झाडात राहते याची नोंदच नाही. शेरा मारून आपण मोकळे. कुऱ्हाड कुठे पडू द्यायची नाही, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडचे पेरू-संत्र्याचे बागायतदार या सुतार पतंगांच्याच नात्यातली साल खाणारी अळी ओळखतात ती खोडावरच्या भुशाच्या जाळीवरून. तिचा पतंग पाहायला ते रात्रभर जागत नाहीत. आफ्रिकेत दिवे घेऊन हिंडणाऱ्या मंडळींनी निदान दिवसा तरी खोडांकडे पाहावं.