वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्याइतका क्षमाशील कागद महाराष्ट्रात दुसरा नसेल. जन्मतारीख त्यावर अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, कारण तिथे चूक चालत नाही. 'वर्तणूक' या रकान्यात मात्र कारकून मान वर न करता 'चांगली' लिहून मोकळा होतो. दप्तरात पाल सोडणारा, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच करणारा, मधल्या सुट्टीनंतर कुंपणावरून गायब होणारा, सगळे एकजात चांगले. हेडसरांना काही ठाऊक नसतं असं नाही, त्यांना एकेकाचे पराक्रम तोंडपाठ असतात. पण पोराला पुढे कुठेतरी प्रवेश घ्यायचाय, हे ओळखून शाळा सगळं विसरते. नुसती विसरत नाही, शिक्का मारून विसरते.

इंटरनेट असा दाखला देत नाही. म्हणून हल्ली संगणकाच्या तासाला 'डिजिटल फूटप्रिंट' शिकवतात. सर सांगतात, नेटवर गेलेलं परत येत नाही. मुलं ते वहीत उतरवून घेतात, कारण परीक्षेला येणार. फोटो कुठे काढला याची नोंद मूळ फाईलमध्येच दडलेली असू शकते, हे ऐकून क्लास बुडवलेला एखादा जरा सावरून बसतो. मग कुणीतरी शंका काढतोच, "पण सर, डिलीट फॉर एव्हरीवन आहे ना?" आहे की. २०१७ साली व्हॉट्सअॅपने ही सोय दिली तेव्हा सात मिनिटांची मुदत होती, २०२२ मध्ये ती दोन दिवसांच्या थोडी पुढे गेली. पण मेसेज पुसला तरी तो पुसल्याची ओळ तिथे राहते. एरवी ज्यांनी तो वाचलाही नसता, ते सगळे मग "काय होतं रे?" करत गोळा होतात.

विसरायला लावणं किती अवघड, हे स्पेनच्या मारिओ कोस्तेखा गोन्सालेस यांना विचारावं. १९९८ साली तिथल्या एका वृत्तपत्रात, थकबाकीपोटी त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची छोटीशी सूचना छापून आली होती. पुढे देणं मिटलं, पण गूगलवर नाव टाकलं की ती सूचना हजर. गृहस्थ चिकाटीचे, प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं आणि २०१४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. जुनी, संदर्भ संपलेली माहिती नावाच्या शोधातून काढून टाकायला सांगण्याचा हक्क युरोपातल्या लोकांना मिळाला. फक्त या खटल्यामुळे ती थकबाकी जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत कायमची जाऊन बसली.

आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर कंपन्यांनी आईवडिलांची संमती घ्यावी, असं तो म्हणतो. उत्तम. पण आईवडिलांनी मुलांची संमती घ्यावी, असं कोण म्हणणार? बारशाचे फोटो, जावळाचे फोटो, बालवाडीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये कोबीचा गड्डा होऊन रडतानाचा व्हिडिओ, हे सगळं काकू-मावश्यांच्या अंगठ्यांसह फेसबुकवर कधीचंच जाऊन बसलेलं असतं. आता त्याच कोबीला नववीत आपण सांगतो, बाळा, नेटवर काही टाकताना विचार कर.

तरी मुलं ऐकतात, बऱ्यापैकी सांभाळूनही असतात. पण आपल्या धड्याचा सगळा रोख टाकणाऱ्यावर असतो, साठवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. २०१७ साली हार्वर्ड विद्यापीठाने ओंगळ मीम्सवरून किमान दहा मुलांचे प्रवेश रद्द केले, तेव्हा ते मीम्स एका खासगी ग्रुपमध्येच होते. मुलांची चूक होतीच. पण 'खासगी'चा भरवसा किती धरायचा, हेही त्यातून कळलं. वर्गातली बहुतेक प्रकरणं याहून कितीतरी साधी असतात. रागाच्या भरात एकीने मैत्रिणीबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असतात, संध्याकाळी तिचा राग उतरलेलाही असतो. पण तोवर तिसरीने स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतो, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून. पुसलं न जाण्याचा दोष आपण यंत्राला देतो. पुष्कळदा जपून ठेवणारं माणूस शेजारच्या बाकावरचंच असतं.

पंधराव्या वर्षी मूर्खपणा करणं हा तर त्या वयाचा अभ्यासक्रमच आहे, आणि तो कुठल्याही तासाने बंद होणार नाही. म्हणून संगणकाच्या सरांना एक विनंती. 'टाकण्याआधी विचार करा' हे सांगाच. कुणी खरोखर छळत असेल, धमकावत असेल, तर पुरावा जपा, घरी सांगा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, हेही सांगा. पण त्याखाली आणखी एक वाक्य मुलांना लिहून द्या : दुसऱ्याच्या फजितीचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, आणि आलाच तर पुढे पाठवायचा नाही. परीक्षेत याला मार्क नसले तरी चालतील.