आयत्या कोडावर नागोबा

यंत्राने लिहिलेला सी कोड सिग्नल प्रोसेसरवर चढवण्याची नवशिक्यांसाठी खात्रीशीर कृती

साहित्य: लॅपटॉपवर सुरेख चालणारं सिमुलिंकचं एक मॉडेल. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०एफ२८३३५ चिपचा एक बोर्ड. जेटॅग डीबगर. आणि ‘कोड तर तयारच आहे, फक्त चढवायचाय’ असं म्हणून क्लायंटला तारीख देऊन मोकळे झालेले एक साहेब. चिपची माहितीपुस्तिका ऐच्छिक.

पायरी १. बटण दाबा

मॉडेलच्या सेटिंगमध्ये हार्डवेअरचं एक पान असतं. चिप कोणती, तिच्यावर चार (char) किती बिटांचा, इंट किती, लाँग किती, असले रकाने. हे पान उघडू नका. रकाने आधीच भरलेले आहेत, आणि भरलेल्या फॉर्मवर संशय घेणं बरं दिसत नाही. मॉडेलवरून सी कोड लिहिणारा जनरेटर आज्ञाधारक असतो. सांगाल ते खरं मानतो. काहीच सांगितलं नाहीत तर तुमची चिप म्हणजे इंटेलचा ६४-बिटी पीसीच आहे असं धरून तो कामाला लागतो. मिनिटभरात वीसेक फाइली हातात पडतात. चहा घ्या.

पायरी २. कम्पायलरला गप्प करा

या चिपवर बाइटला स्वतःचा पत्ता नाही. सगळ्यात लहान प्रकार चार, तोच मुळी १६ बिटांचा. इंटही १६ बिटांचा, त्यामुळे त्याचा आकार साइझऑफला विचारला तर उत्तर येतं १. असे घोळ होतात याची जनरेटरला कल्पना असते, म्हणून त्याने हेडर फाइलमध्ये पहारा बसवलेला असतो: आकार जुळले नाहीत तर कम्पाइल तिथेच थांबतं आणि हार्डवेअरची सेटिंग तपासा असा निरोप मिळतो. नवशिक्याने ती ओळ कॉमेंट करावी. एरर शून्य होतात, आणि साहेबांना तसा मेल टाकता येतो.

आता पॅकेटांचा आठ-बिटी काउंटर बघा. २५५ नंतर तो शून्यावर यायला हवा. इथे तो २५६, २५७ करत निवांत पुढे जातो, कारण आठ बिटांच्या नावाखाली त्याला सोळा बिटांची जागा मिळालेली आहे. सीरियल पोर्टवरून मात्र खालचेच आठ बिट बाहेर पडतात, त्यामुळे पीसीच्या स्क्रीनवर आकडे अगदी बरोबर दिसतात. ‘काउंटर शून्य झाला की बफर रिकामा कर’ ही चिपच्या आतली अट मात्र २५६ ऐवजी ६५,५३६ पॅकेटांनी एकदा खरी होते. दोष केबलला द्या. केबल बदलून घ्या.

पायरी ३. डबल तसाच राहू द्या

मॉडेलमध्ये सगळं गणित डबलमध्ये असतं. चिपमधलं फ्लोटिंग पॉइंट युनिट ३२-बिटी सिंगलचं. जुन्या कॉफ पद्धतीने बिल्ड केलंत तर डबल मुकाट्याने ३२ बिटांचा होतो आणि फिल्टरचे गुणक शेवटच्या अंकांत सरकतात. ईएबीआय निवडलंत तर तो खरोखर ६४ बिटांचा होतो, आणि प्रत्येक गुणाकारासाठी लायब्ररीतल्या फंक्शनचे पाय धरावे लागतात. फाइल तीच, चिप तीच. एकीकडे अचूकता जाते, दुसरीकडे वेळ. मॉडेलमध्येच सिंगल निवडून निकाल पुन्हा तपासणं हा एक मार्ग आहे, पण त्यासाठी मॉडेलवाल्याशी बोलावं लागतं.

पायरी ४. मेमरीची चौकशी करू नका

चिपवरची रॅम १६ बिटांचे ३४ के शब्द, म्हणजे ६८ किलोबाइट. ४,०९६ बिंदूंच्या एफएफटीचा ६४-बिटी डबलमधला एकच कॉम्प्लेक्स बफर ६४ किलोबाइट खातो. उरलेल्या चार किलोबाइटांत स्टॅक, व्हेरिएबल आणि तुमची स्वप्नं.

लांबी बदलणाऱ्या ॲरेची कमाल मर्यादा सांगायची राहिली असेल तर जनरेटर मॅलॉक वापरतो. हीप संपली की मॅलॉक शून्य परत करतो आणि पुढचा कोड त्या शून्य पत्त्यावर लिहायला लागतो. लॅपटॉपवर अशा वेळी प्रोग्राम कोसळला असता. इथे शून्य पत्त्यावर चक्क रॅम आहे! डेटा बिनतक्रार लिहिला जातो, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. तासाभराने भलतंच व्हेरिएबल भलतीच किंमत दाखवतं, आणि ते ज्याच्या फाइलीत आहे त्याच्याशी भांडण सुरू करता येतं.

पायरी ५. वॉचडॉगला विसरा

रिसेट होताच या चिपचा वॉचडॉग जागा असतो. ३० मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर त्याची मुदत ४.३७ मिलिसेकंद. जनरेटरने दिलेले भलेमोठे टेबल रॅममध्ये भरण्यात तेवढा वेळ गेला तर मेन सुरू होण्याआधीच चिप रिसेट होते, मग पुन्हा, मग पुन्हा. डीबगरची तयारीची स्क्रिप्ट वॉचडॉग बंद करत असेल तर मजा दुप्पट: डीबगर लावला की सगळं चालतं, काढला की बोर्ड मेलेला. ग्राहकाला बोर्डासोबत डीबगरही द्यावा का, यावर मीटिंग घ्या.

पायरी ६. वेळ अंदाजाने मोजा

१५० मेगाहर्ट्‌झ ऐकायला दणदणीत आहे. सेकंदाला १०,००० सँपल घ्यायचे तर एका सँपलच्या वाट्याला १०० मायक्रोसेकंद, म्हणजे १५,००० सायकल येतात. कोड फ्लॅशमधूनच चालवलात तर त्यातल्या बऱ्याच वाट बघण्यात जातात. अनुभवी लोक महत्त्वाची फंक्शन रॅममध्ये हलवतात. इंटरप्ट सुरू होताना एक पिन वर, संपताना खाली करून ऑसिलोस्कोपवर पट्टीची रुंदी बघतात. पट्टी १०० मायक्रोसेकंदांच्या पलीकडे गेली की भांडं फुटतं. म्हणून स्कोप दुसऱ्या टीमला उसना द्या.

पायरी ७. जनरेटेड फाइलीत हाताने दुरुस्ती करा

आता सगळं कळलं असेल तर थेट त्या वीस फाइलींत घुसा. इथे मास्क लावा, तिथे डबलचा फ्लोट करा, ॲरे कापा. कोड चालू लागेल. दुसऱ्या दिवशी मॉडेलवाला एका फिल्टरचा एक गुणक बदलेल, बटण दाबेल, आणि तुमच्या दुरुस्त्या जागच्या जागी पुसल्या जातील.

दुसरीही एक पद्धत आहे, पण ती नवशिक्यांना शोभत नाही. चूक गणिताची असेल तर मॉडेल बदलायचं, चिपची असेल तर पायरी १ मधलं पान भरायचं, आणि पिना, घड्याळ, वॉचडॉग, इंटरप्ट यांचा कोड जनरेटरचा हात पोहोचणार नाही अशा आपल्या फाइलीत ठेवायचा. मग बटण कितीही वेळा दाबलं तरी काही बिघडत नाही. तोटा एकच: अप्रेझलमध्ये ‘या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत?’ असं विचारलं तर ‘एक फॉर्म भरला’ एवढंच सांगता येतं.