सव्वा गुंठ्याचं कूळ

धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा आम्ही कौन्सिलकडे अलॉटमेंटसाठी नाव नोंदवलं होतं. गेल्या महिन्यात ‘तुमचा नंबर आला आहे’ अशी मेल आली, तेव्हा धाकटी कुठल्या युनिव्हर्सिटीत जायचं यावरून आमच्याशी वाद घालत होती. मधल्या काळात आम्ही घर बदललं, गाडी बदलली. देशाने पंतप्रधान तर मोजायचे सोडून द्यावेत इतके बदलले. यादी मात्र आपल्या चालीने सरकत राहिली. इंग्रज माणूस रांगेत रमतो हे माहीत होतं, पण फरसबी लावायलासुद्धा रांग असेल असं वाटलं नव्हतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : अलॉटमेंट म्हणजे बहुतेक ठिकाणी कौन्सिलच्या मालकीचा, वस्तीतच असलेला जमिनीचा तुकडा. वर्षाचं भाडं भरायचं आणि भाजीपाला पिकवायचा. मागणी असेल तिथे अशी जमीन देणं १९०८ च्या कायद्याने कौन्सिलांच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’च्या काळात असे सुमारे १४ लाख तुकडे होते. आज त्यांतले जेमतेम पाव उरलेत. आणखी एक कायदा १९२२ चा. त्यात व्याख्याच अशी आहे की पीक मुख्यतः कसणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी खाण्यासाठी असावं. हे मी जेवताना वाचून दाखवलं.

“म्हणजे बाबा, तू लावलेली कूर्जेट्स मला कायद्याने खावी लागणार?” धाकटी म्हणाली, आणि लांबातल्या लांब युनिव्हर्सिटीकडे तिचा कल झुकला.

जमिनीचं माप ‘रॉड’मध्ये होतं. पुरा प्लॉट १० रॉडचा, आम्हाला मिळत होता अर्धा. कागदावर मांडून पाहिलं : एकराचे रॉड १६० आणि एकराचे गुंठे ४०, म्हणजे चार रॉडचा बरोब्बर एक गुंठा. आमच्या वाट्याला सव्वा गुंठा! पुण्याच्या बाजूला असतो तर एवढ्यावरही गळ्यात साखळी घालून गुंठामंत्री म्हणून मिरवता आलं असतं. इथे गमबूट घालून आत शिरायचं होतं.

शनिवारी प्लॉट बघायला गेलो. तिथले सेक्रेटरी हे निवृत्त गृहस्थ, हातात किल्ल्यांचा जुडगा. “जरासं वाढलंय,” ते म्हणाले. इंग्रजांचं ‘जरासं’ मला आता कळू लागलंय. दाताचा डॉक्टर “जरासं दुखेल” म्हणाला की मी खुर्चीचे हात घट्ट धरतो. इथे धरायलाही काही नव्हतं. जे होतं त्याला काटे होते. छातीएवढी ब्लॅकबेरीची जाळी. हिची फांदी वाकून शेंडा मातीला टेकला की तिथेच मूळ धरते, आणि पुढची उडी तिथून. त्या जाळीत एक शेड आहे अशी कागदावर नोंद होती. “आहे, आहे,” सेक्रेटरी म्हणाले, “मी स्वतः पाहिली होती.”

कडेने बाइंडवीड पसरला होता. हा रताळ्याचा चुलतभाऊ, फक्त खाता येत नाही. मी एक वेल धरून ओढला. पांढरंशुभ्र मूळ टचकन तुटलं. बोटभर माझ्या हातात आलं आणि बाकीचं खाली निवांत राहिलं. जो तुकडा मातीत राहील त्यातून नवा वेल. पलीकडे हॉर्सटेल. याचं खानदान डायनोसॉर यायच्या आधीपासून पृथ्वीवर आहे. मुळं दोन मीटर खोल जातात, अंगात सिलिका असल्यामुळे तणनाशकही नीट भिनत नाही. इतक्या जुन्या रहिवाशाला हुसकावून लावायला कोण निघालं होतं, तर व्हिसावर आलेला मी.

शेजारच्या प्लॉटवर एक गुजराती अंकल मेथी खुडत होते. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर एका सुटकेसनिशी इथे आलेला माणूस. त्याला आमच्या जाळीचं काय वाटणार! त्यांनी कुंपणापलीकडूनच सल्ला दिला, “रोटावेटर मत चलाना, भाई. एक जड का सौ बनाता है.” मग काय करायचं? जाळी कापायची, वर पुठ्ठे अंथरायचे, त्यावर काळं प्लास्टिक, आणि वर्षभर वाट बघायची. “और ये घोडे की पूँछ?” मी हॉर्सटेलकडे बोट दाखवलं. ते हसले आणि पुन्हा मेथीकडे वळले.

परत निघणार, तेवढ्यात बायको खाली वाकली. आमच्या आधी ज्याने हा प्लॉट घेतला होता त्याने एक पट्टी खणून ठेवली आणि मग तो पुन्हा कधी दिसलाच नाही, असं सेक्रेटरी सांगत होते. त्या उकरलेल्या पट्टीत हातभर उंचीची, पानांवर पिठूळ झाक असलेली रोपं दाटीने उगवली होती.

“अरे, हा चाकवत आहे!”

सेक्रेटरींनी तिची समजूत घातली. हे फॅट हेन, साधं तण. उपटून कंपोस्टमध्ये टाकायचं. ती त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघत होती की मीच मध्ये पडलो. तोवर तिच्या डोक्यात हरभऱ्याची डाळ भिजली होती, शेंगदाणे शिजले होते, आंबट ताकाला बेसन लावून झालं होतं. इंग्लंडात इतकी वर्षं काढून आम्ही चाकवत कधी विकत घेऊ शकलो नाही, आणि इथे लोक तो ढकलगाडी भरभरून फेकून देतात. तिने परवानगी मागून पिशवी भरली. “हवं तेवढं न्या,” सेक्रेटरी म्हणाले. प्लॉट खपणार याची त्यांना तेव्हाच खात्री पटली असावी.

घरी आल्यावर मात्र तीच बायको लॅपटॉप उघडून बसली. ती अकाउंटंट. भाडं, दोन फावडी, हातमोजे, काटे कापायची मोठी कात्री, प्लास्टिक, पाण्याचं पिंप, माझ्या कंबरेसाठी फिजिओथेरपी. समोरच्या रकान्यात उत्पन्न. पहिल्या वर्षीचा टोमॅटो आपल्याला नगाला साडेचार पौंडांना पडतो, असा निकाल लागला. “शिवाय कोंबड्या पाळता येतात,” मी म्हणालो. १९५० च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा आहे, फक्त कोंबडा चालत नाही. “मग तू तिथे किती वेळ थांबणार?” ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

निर्णय होईना, म्हणून रविवारी गावी भाऊकाकांना फोन लावला. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. राजापूर तालुक्यातली आमची भातशेती कूळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी ‘कसेल त्याची जमीन’ झाली आणि आजोबा नुसतेच आजोबा उरले. कायदा न्याय्य होता असं मी कॉलेजात असताना एकदा घरी बोललो होतो, तेव्हा मला ताट उचलून पडवीत बसावं लागलं. आमच्याकडे चमचा हरवला तरी पहिला संशय कुळांवर. उरली ती डोंगराकडची वरकस जमीन. तिच्या सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यांतले दोघे डोंबिवलीत समोरासमोर राहतात आणि बोलत नाहीत, एक बोस्टनला आहे, तिघे वर गेलेत पण कागदावर हयात. तिथे रानमोडी माणसाच्या डोक्यावर गेलीय आणि करवंदीच्या जाळ्यांत पायवाटही उरलेली नाही. आमची नावं आहेत म्हणून दुसरं कोणी हात लावत नाही, आणि सतरा नावं आहेत म्हणून आम्हीही लावत नाही. स्वतःचं एवढं रान फुकट पडलेलं असताना परक्याचं रान भाड्याने घ्यायला वर्षानुवर्षं यादीत उभा राहिलो, याचं मलाच नवल वाटतं. फरक एवढाच की इथे जमीन कसली नाही तर महिनाभराच्या नोटिशीत बाहेर काढतात. गावाला आम्हाला बाहेर कोण काढणार?

भाऊकाकांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“मालक कोण?”

“कौन्सिल.”

“म्हणजे सरकार. आणि कसणार तू.”

“हो.”

“म्हणजे तू कूळ.”

मी गप्प. दोन पिढ्या ज्या शब्दाने घरात दुधाचं दही झालं, तो माझ्या नावापुढे लागत होता. काका आता फोन ठेवणार असं वाटलं. पण त्यांच्या आवाजात वेगळीच धार आली. किती वर्षं कसली की जमीन नावावर होते? होत नाही, मी म्हणालो. कितीही कसली तरी? कितीही कसली तरी. नियमाने वागलं तर उठवायला बारा महिन्यांची नोटीस लागते, आणि तीही ६ एप्रिलच्या आत किंवा २९ सप्टेंबरनंतर संपायला हवी, म्हणजे उभ्या पिकातून कुणाला काढू नये. यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. उभ्या आयुष्यात जमीनमालकाची बाजू मांडलेला माणूस, मनातल्या मनात पक्ष बदलत असावा.

“भाडं रोख देऊ नकोस,” ते शेवटी हळूच म्हणाले, जणू कौन्सिल लाइनवर आहे. “दरवर्षी पावती घे आणि जपून ठेव. तो शेजारी गुजराती आहे ना, त्याला साक्षीदार कर. आणि काय वाटेल ते झालं तरी पीकपाहणीला तुझं नाव लागलं पाहिजे. पीक काय दाखवणार आहेस?”

“सध्या चाकवत आहे,” मी म्हणालो.

“तोच लाव,” काका म्हणाले.