पावतीचं वजन

सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट चढलात की कासच्या फुलांआधी हेल्मेटं दिसतात. आणि नाक्यावर दर रविवारी तोच तंटा: ‘सायकलला कसली पावती? आम्ही काय धूर सोडतो?’

सायकल दोन लाखांची, मोटारीच्या टपावर बांधून आणलेली. धूर मोटारीनं सोडला, सायकल निर्दोष आहे. मग शंभर-दीडशे रुपयांसाठी हा गडी एवढा का तंडतो? पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला. प्रश्न पैशाचा नाहीच, वजनाचा आहे.

पेडल हलकं करायला हा पंधरा हजार मोजतो. शंभर ग्रॅम उतरले की मित्रांना पार्टी. स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे. अशा तपश्चर्येनंतर खिशात पावती सरकवायची? कागद निदान एक ग्रॅमचा, भिजला तर दोन; चढाला जाणवतं म्हणे. साताऱ्यात घेतलेले अर्धा किलो कंदी पेढे पाठीवर असतात, पण ती ऊर्जा. शिवाय ‘पेढ्याला कसले पैसे?’ असं दुकानदाराला विचारायची छाती होत नाही. पोटाचा घेर हिशेबात धरत नाहीत, ते घरचं वजन. जाता जाता जेलची रिकामी पाकिटं कारवीत भिरकावून भार आणखी उतरवतात. तेव्हा माझी सूचना अशी, की पावती नाक्यावरच ठेवून जावी, पैसे तेवढे द्यावेत. पैसे दिले की खिसा हलकाच होतो, हे या शास्त्रज्ञांच्या ध्यानात कसं येत नाही?

चेष्टा पुरे. ते पैसे जातात कुठे? कास, एकीव, आटाळी, कासाणीची पोरं भर पावसात शिट्टी फुंकत उभी असतात, त्यांच्या मजुरीत. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा, त्यात बोटभर उंचीची सीतेची आसवं. ओल्या मातीवर तुमचा नक्षीदार टायर फिरला की चर पडते, चरीतून पाणी धावतं, पाण्याबरोबर माती जाते. खाली उरतो कातळ. त्यावर काय उगवणार, तुमचा सेल्फी? २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार राखायला शेवटी ती शिट्टीवाली पोरंच लागतात, आणि त्यांच्याशीच तुम्ही इंग्रजीत वाद घालता!

सांगलीकरांनी हसू नये. सागरेश्वर जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून, हरणं सोडून उभं केलेलं. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. जंगलात वणवा अडवायला उन्हातान्हात गवत काढून जाळरेषा राखाव्या लागतात. आमच्या वीरांना तीच जाळरेषा ‘काय कडक ट्रेल आहे!’ वाटते. तिकीट चुकवायचं तर कुंपणाची फट कुठे आहे, तेही एकमेकांना कळवतात. फट रुंदावली की हरणं शेतात उतरतात आणि शाळू फस्त करतात. सायकलवाला तोवर पुण्याला पोचलेला असतो.

तेव्हा पावती फाडा, नेमून दिलेली वाट सोडू नका आणि शनिवार-रविवारी कासला यायचं तर ऑनलाइन बुकिंग आधी करा. नाक्यावर गर्दी असते आणि सुटे नसतात.